ऊन स्वस्त झालं, आता संध्याकाळचं बोला

उन्हापासून वीज करणारी सिलिकॉनची पहिली कामाची चकती १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यावर पडलेल्या उन्हातला जेमतेम सहा टक्के भाग विजेत उतरायचा, आणि किंमत अशी की उपग्रहांखेरीज फारशी कुठे ती परवडत नव्हती. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पॅनलचा एक वॉट आजच्या पैशात शंभर डॉलरच्या आसपास पडायचा. आज जगाच्या घाऊक बाजारात तोच वॉट दहा-वीस सेंटला मिळतो. आपल्याकडे २०१०च्या डिसेंबरात राष्ट्रीय सौर अभियानाचा पहिला लिलाव झाला तेव्हा युनिटचा सरासरी दर बारा रुपयांच्या घरात निघाला होता. बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, गुजरातच्या एका लिलावात तो एक रुपया नव्व्याण्णव पैशांवर आला. मार्च २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता तीन हजार मेगावॉटसुद्धा नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये तिने एक लाख मेगावॉट ओलांडले.

हे आकडे ऐकले की वाद संपला असं पुष्कळांना वाटतं. मला तो इथून सुरू होताना दिसतो. ही स्वस्ताई कुणाच्या घरात शिरली, कुणाच्या दाराशी अडली, आणि दिवस मावळल्यावर तिचं काय होतं, हे प्रश्न अजून नीट विचारलेच गेलेले नाहीत. म्हणून ते दोन माणसांच्या तोंडी घालतो आहे. मामा वीज मंडळात ऑपरेटर म्हणून लागले, सिन्नरच्या बाजूला सबस्टेशनांवर नोकरी केली आणि मंडळाचं महावितरण झाल्यावर काही वर्षांनी निवृत्त झाले. भाची इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नाशिकमध्ये घरांवर सोलर बसवून देते. दोघं माझ्या कल्पनेतली आहेत. त्यांची मतं मात्र शेताच्या बांधावर, सबस्टेशनच्या फाटकापाशी आणि सोसायट्यांच्या सभांत ऐकलेली आहेत.

भाची : मामा, बिल बघितलं तुमचं. महिन्याला एकशेऐंशी, दोनशे युनिट. शंभराच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरची ती महागडी युनिटं छतावर तयार करू या.

मामा : परवाच एक सोलरवाला येऊन गेला. म्हणाला, तीन किलोवॉट बसवा, अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी मिळते.

भाची : तो असंच सांगणार. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार मिळतात, तिसऱ्याला अठरा हजार, आणि तिथे सबसिडी थांबते. म्हणून सगळे तीनवर बोट ठेवतात. तुम्हाला दोन पुरेत. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. पावसाळ्यात घटतात, फेब्रुवारी-मार्चात वाढतात, वर्षाचा मेळ नेट मीटरवर बसतो. जास्तीची वीज उरली तर मार्चअखेर महावितरण विकत घेतं, पण त्या दराने तिसऱ्या किलोवॉटचे पैसे निघत नाहीत.

मामा : एप्रिल-मेचं ऊन मोजलंच नाहीस तू.

भाची : मोजलं. पॅनलला उजेड हवा असतो, तापणं त्याला मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन साधारण पाव ते अर्धा टक्का घटतं. मे महिन्यात स्लॅबवर पॅनल साठ अंशांच्या पुढे तापतं. शिवाय धूळ. दर पंधरवड्याला पाणी मारावं लागेल, तेही सकाळी लवकर. सगळा खर्च सव्वा ते दीड लाख, त्यातून साठ हजार सबसिडी, उरलेल्याला बँक तारणाशिवाय कर्ज देते. चार वर्षांच्या आतबाहेर पैसे फिटतात. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची आहे. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, तो खर्च आजच धरून चला.

मामा : आणि लाइट गेली तर?

भाची : तर सोलरही बंद.

मामा : भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना?

भाची : भर दुपारी. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन मेली की स्वतःहून बंद पडतो. तसा तो पडायलाच हवा.

मामा : पडायलाच हवा! माझा वायरमन लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला असायचा. कुणाच्या छतावरून उलटी वीज तारेत आली तर तो गेलाच. मला हे कळतं. पण गावात दीड लाख घालणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या वादळात तो अंधारात बसतो आणि शिव्या सबस्टेशनला घालतो.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. भारनियमनाला कंटाळून सोलर घेणारी घरं अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना हवी असते ती गोष्ट साध्या नेट मीटरच्या यंत्रणेत नसतेच. तिला बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचे पैसे वेगळे. पैसे वाचवायचे आहेत की वीज गेल्यावर दिवा हवा आहे, हे गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत विचारलं गेलं पाहिजे. विक्रेता विचारत नसेल तर गिऱ्हाइकाने आपणहून सांगावं.

मामा : बरं, ही स्वस्ताई आली कुठून? आपण तर काही शोध लावला नाही.

भाची : पहिली महाग वीज जर्मनांनी घेतली. त्यांनी २००० साली कायदा करून वीस वर्षांच्या दराची हमी दिली, लोकांनी छतं भरली. मागणी दिसल्यावर चीनने कारखाने उभारले. जगातली एकूण पॅनलं दुप्पट झाली की भाव साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो, असा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव आहे. तेवढं दुप्पट होणं कितीतरी वेळा झालं.

मामा : म्हणजे कोळसा आपला आणि ऊन आपलं असलं तरी पॅनल चीनचं.

भाची : म्हणूनच तर एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पॅनलवर चाळीस टक्के आणि सेलवर पंचवीस टक्के सीमाशुल्क बसलं. सबसिडी हवी तर पॅनल आणि आतला सेल, दोन्ही देशातलेच लागतात. ते महाग पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बारावरून पाचवर आला, त्याने थोडं हलकं झालं.

मामा : महाग पडले तरी चालतील. उद्या कुणी दुकान बंद केलं तर आपल्या छताला कुलूप लागायला नको.

हा भाग आटोपता घेतो. जागतिक बाजाराची चर्चा वर्तमानपत्रांत भरपूर होते. ऑपरेटर राहिलेल्या माणसाला जे दिसतं, ते तिथे क्वचित येतं.

मामा : सबस्टेशनला आम्ही तासातासाचा लोड लॉगशीटवर लिहायचो. संध्याकाळी गावात दिवे लागले, टीव्ही सुरू झाले, मिक्सर फिरले, की आकडा चढायला लागायचा, तो रात्री दहापर्यंत खाली यायचा नाही. तुझं ऊन नेमकं त्याच वेळेला मावळतं. दुपारी तुम्ही सगळे मिळून वीज लाइनवर सोडता आणि रात्री सगळे मिळून परत मागता. मधल्या वेळात ती ठेवली कुणी? तारेत वीज साठत नाही. रात्रीची वीज एकलहऱ्याला कोळसा जाळून येते, कोयनेचं पाणी सोडून येते. तुझं नेट मीटर दुपारच्या युनिटला रात्री आठचं युनिट देतं, दोन्हींची किंमत एक धरून. ती एक नाही.

भाची : नाही, हे मान्य. म्हणून तर कारखान्यांच्या बिलात आता दिवसा उन्हाच्या वेळेत सवलत आणि संध्याकाळी जादा आकार आला. पण तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. माझ्या गिऱ्हाइकाच्या छतावरची दुपारची वीज एकलहऱ्यापर्यंत परत जात नाही. त्याच डीपीवरच्या शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये जाते. चंद्रपूरहून इथवर आणताना तारांत जी गळती होते, ती तेवढी वाचते.

मामा : शेजारी घरी असेल तर. अख्ख्या कॉलनीने पॅनल लावली आणि दुपारी सगळे कामावर, तर डीपीवर उलटा भार येईल. आणि पैशाचं बघ. शंभराच्या वरची महाग युनिटं जो भरतो, तो खालच्या शंभर युनिटवाल्याचा आणि शेतीपंपाचा भार उचलतो. सोलर परवडतं ते त्यालाच. तो बाहेर पडला की खांब, तारा, डीपी, वायरमनचा पगार उरलेल्यांच्या माथी. आणि उरलेले म्हणजे पत्र्याच्या घरातले.

भाची : स्थिर आकार तो भरतोच ना.

मामा : तेवढ्यावर खांब उभा राहत नाही.

मला वाटतं, या घटकेला दोघांचंही खरं आहे, आणि काळ जाईल तसं मामांचं अधिक खरं होत जाईल. छतं थोडी असताना नेट मीटर हे योग्य उत्तेजन होतं. ज्याच्या घरी ते बसलं त्याला ग्रीड ही बिनभाड्याची कोठी मिळाली. गावात चार घरांनी धान्य ठेवलं तर कोठीवाल्याला जड जात नाही. सगळ्यांनी ठेवायचं म्हटलं तर कोठी वाढवावी लागते, आणि ती कुणाच्या पैशाने वाढवायची ते आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे हे ठरवणं टाळलं जातं, कारण त्यात कुणाला तरी नाराज करावं लागतं.

भाची : कोठी वाढवता येते. घाटघर तुम्ही पाहिलंय.

मामा : पाहिलंय. अडीचशे मेगावॉट. २००८ साली चालू झालं. रात्री मागणी पडली की पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी चोंढ्याकडे खाली सोडायचं.

भाची : आता फालतू वीज रात्रीऐवजी दुपारी असते. तेच पंप दुपारी चालवायचे, संध्याकाळी पाणी सोडायचं. आणि बॅटरी बघा. लिथियमच्या बॅटरीचा संच २०१० साली किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये एकशेपंधरावर आला. पॅनलचं जे झालं तेच तिचं होतंय.

मामा : होऊ दे. पण माझं म्हणणं ऐक. बॅटरी घरोघरी नको, सबस्टेशनला ठेवा. घरातली बॅटरी एका घराचा फ्रिज चालवते. सबस्टेशनची बॅटरी संध्याकाळी अख्ख्या गावाला लागते, पत्र्याच्या घरालाही. आणि डोंगरात सरसकट घाटघरं काढू नका. सह्याद्रीत अशा प्रकल्पांचे किती करार झालेत ते वाचतो मी. प्रत्येक खोऱ्यात माणसं राहतात.

बॅटरी सबस्टेशनला ठेवण्याची मामांची सूचना मला या सगळ्या संभाषणातली सगळ्यात मोलाची वाटते. छतावरचं अनुदान घराला मिळतं, फीडरवरची साठवण गावाला मिळते. सरकारी पैसा एकच असेल तर तो अधिकाधिक दुसरीकडे वळावा. भाचीचा धंदा छताचा आहे, तरी तिने हे खोडून काढलं नाही. तिने विषय शेतीकडे नेला. तिथे ती मामांना नेमकं ओळखते.

भाची : मामा, रात्रीचा थ्री फेज तुम्हीच सोडायचा ना?

मामा : मीच. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्री फीडर चालू केला की लांब शिवारात बॅटऱ्या हलायला लागायच्या. लोक दारं धरायला निघालेले. थंडीत, चिखलात, अनवाणी. सापाने किती गेले. आता तर गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो, बाई एकटी शेतात जायला धजत नाही. स्विच माझ्या हातात होता, वेळापत्रक वरून यायचं. दिवसा वीज पुरत नव्हती, म्हणून शेतकऱ्याला रात्र.

भाची : मग आता दिवसाच वीज जास्त आहे. आधी ही स्वस्त वीज कुणाला द्यायची, ते सांगा.

मामा : त्यालाच. त्यात दुमत नाही. सौर कृषी वाहिनीचं काम मला पटतं ते याच्यासाठी. शेतीचा फीडर वेगळा काढायचा, सबस्टेशनच्या जवळ दोन-चार मेगावॉटची पॅनलं मांडायची, वीज तिथल्या तिथे पंपांना. शेतकऱ्याची मोटर तीच, स्टार्टर तोच. त्याला दहा पैसे घालावे लागत नाहीत.

भाची : २०१७ साली राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला त्यातला पहिला प्रकल्प लागला, तीन मेगावॉटचा. ही वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, त्यात दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळ असेल त्याला बाजरीपेक्षा बरं.

मामा : माळ मालकीचा असेल तर. गायरानावर पॅनलं मांडलीत तर भाडं कुणाला आणि मेंढरं कुठे? आपल्याकडचे धनगर पावसाळा संपला की त्याच माळावर येतात. माळ ‘पडीक’ आहे असं कागदावर लिहिलेलं असतं. तो पडीक नसतो. ग्रामपंचायतीला अनुदान मिळतं म्हणतात, त्यातून मेंढरांना चारा मिळत नाही.

भाची : ग्रामसभेत विचारून, चराईची वाट ठेवून करता येतं.

मामा : येतं. विचारत नाहीत.

मामांनी ठेवलेलं हे बोट मी हलवणार नाही. ज्या गावांनी विरोध केला त्यांना विकासाचे शत्रू ठरवणं सोपं आहे. त्यांच्या विरोधात ऊन नावडतं असं काहीच नव्हतं, जमिनीचा निर्णय आपल्याला न विचारता झाला एवढीच तक्रार होती. पॅनलच्या रांगा थोड्या उंच आणि थोड्या विरळ मांडल्या तर खाली मेंढ्या चरू शकतात. परदेशात तसं चालू आहे. निविदेत तशी अट घालावी लागेल आणि खर्च किंचित वाढेल, इतकंच.

घरांचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. ज्याचं महिन्याचं बिल ऐंशी युनिटांचं आहे त्याला एक किलोवॉट पुरतो, सबसिडी अर्धा खर्च भागवते, तरी उरलेले तीस-पस्तीस हजार त्याच्यापाशी नसतात आणि पत्रा वजन पेलत नाही. पुण्या-मुंबईत भाडेकरूला छतच नसतं. सोसायटीला लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे अठरा हजार मिळतात, त्याचा फायदा देखभाल खर्चातून सगळ्यांना पोचतो. पण त्यासाठी सोसायटीच्या सभेत गच्चीवर कुणाच्या कुंड्या आहेत यावरचा वाद आधी मिटावा लागतो.

राहिला प्रश्न मामांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे भाचीच्या धाकट्या मामांच्या, नव्या विहिरीचा. त्यांनी विजेच्या जोडणीचा डिमांड भरला आहे आणि लाइन आलेली नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे, बाकी सरकारचं.

भाची : साडेचार एकर आहे. अडीच ते पाच एकराला पाच एचपीचा पंप बसतो. लाइनीची वाट बघण्यापेक्षा अर्ज करून टाकू.

मामा : सोलर पंप घेतला की लाइनवरचा हक्क सोडावा लागतो. आणि तो पंप ग्रीडला जोडलेला नसतो. श्रावणात पंप आहे, पाण्याची गरज नाही. चैत्र-वैशाखात ऊन रणरणतं आणि विहीर कोरडी. म्हणजे वर्षातले किती महिने ती पॅनलं नुसती उभी.

भाची : त्यावर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर मिळतो.

मामा : मिळतो. किती जणांकडे पाहिलास? आणि दुसरं, जे मला खरंच खातं. वीज बिलाची भीती नाही, वेळापत्रक नाही. सकाळी उजाडलं की पंप सुरू, संध्याकाळी बंद. शेजारच्या चार विहिरींनी हेच केलं तर फेब्रुवारीत तळ दिसेल. रात्रीची पाळी वाईट होती, पण आठ तासांनी मोटर बंद तरी पडायची.

भाची : गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथे २०१६ साली सोलर पंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली आणि पंप ग्रीडला जोडून घेतले. लागतं तेवढं पाणी उपसायचं, उरलेली वीज विकायची. पाणी उपसून फुकट घालवण्यापेक्षा विजेचे पैसे दिसू लागले की हात आखडतो.

मामा : मग आपल्याकडे पंप ग्रीडला का जोडत नाहीत?

भाची : कारण प्रत्येक पंपाला मीटर, तार आणि महिन्याचा हिशेब लागतो. आणि विजेचे पैसे कुणीतरी वेळेवर द्यावे लागतात.

मामा : म्हणजे पॅनल स्वस्त, व्यवस्था महाग.

भाची : हो. ती महाग आहे हे मी नाकारत नाही. पण ती होईपर्यंत धाकट्या मामांनी डिझेल जाळायचं का? लाइन कधी येणार हे तुम्ही तरी सांगू शकता?

मामांकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याकडेही नसतं. फीडर सौर होईपर्यंत थांबा असं सांगायला, सांगणाऱ्याच्या घरी पाणी असावं लागतं. मी अर्ज भरायच्या बाजूचा आहे. पण मामांनी पुढे जे विचारलं, ते प्रत्येक अर्जाच्या आधी विचारलं जावं.

मामा : नव्या विहिरीला मार्चमध्ये किती पाणी असतं?

भाची : दीड-दोन परस म्हणाले.

मामा : मग पाच एचपी कशाला? तासाभरात आटेल. तीनचा भर.

भाची : पाचचा हक्क असताना तीन कुणी घेत नाही, मामा.

मामा : तू सांगितलंस तर घेईल. आणि सोबत ठिबक. धाकट्याला समोर बसव आणि स्पष्ट सांग. पंप रात्री चालणार नाही. आभाळ आलं की मंदावेल. पहिली पाच वर्षं दुरुस्ती कंपनीची, त्यानंतर त्याची. त्यासाठी गावातला एखादा आयटीआयचा पोरगा आत्तापासून तुझ्या हाताखाली तयार कर, नाहीतर सहाव्या वर्षी पॅनलांवर वेल चढलेले दिसतील.

भाची : पोरगा घेते. आणि रात्री दारं धरायला उठावं लागणार नाही, हेही सांगते.

मामा : ते त्याला ठाऊक आहे. तेवढ्यावरच तो सही करेल. म्हणून बाकीचं आधी सांग.